गिटारीच्या वरच्या कडेचे दिवे

…नाही, इस्त्री गिटारीवर फिरवली त्याचं मला काही नाही हो, पण फिरवायच्या आधी एका शब्दानं विचारायचं तरी! तुम्हाला सांगते, सोमवारचा दिवस, पूजेला नेसायचं पातळ अर्धं इस्त्री करून मी जरा देवघरात समईत तेल घालायला गेले, आणि येऊन बघते तो काय, माझं पातळ एका कोपऱ्यात बोळा होऊन पडलंय, आमचे हे जमिनीवर मांडी ठोकून बसलेत, मांडीवर एक गिटार आडवी, आणि माझी गरम इस्त्री त्या गिटारीच्या मानेवर. वाफ निघतेय, पट्टी चिकटवलेल्या सरसाचा वास घरभर सुटलाय, आणि दुसऱ्या हातात काय, तर माझं थालीपिठाचं उलथणं. मी म्हटलं, अहो, हे काय चाललंय? तर मान वर न करता म्हणाले, "पट्टी सोडवतोय." जसं काही जळगावातली सगळी माणसं सोमवारी अंघोळ करून गिटारीच्या पट्ट्याच सोडवत बसतात. मी म्हटलं, सोडवून काय करणार? तर म्हणाले, "आत दिवे लावायचे आहेत."

आता मला सांगा, दिव्याचं गिटारीत काय काम?

म्हणजे दिवा म्हटला की मला कळतो. मला दुसरं काही फारसं कळत नाही, पण दिवा कळतो. समई कळते, निरांजन कळतं, दिव्याच्या अमावास्येला कणकेचे दिवे उकडायचे ते कळतात. आणि त्या वर्षी तर माझा लाख वातींचा नेम चालू होता. माहेर माझं शिरपूरकडचं, कापसाचं, भाऊ दरवर्षी घरचा कापूस पाठवतो, सरकी काढायची, पिंजायचा, आणि बसल्या बसल्या वाती वळायच्या. भाजी शिजतेय, वळ वात. कुणी भेटायला आलंय, वळ वात. आणि माझा मीच एक नेम धरला होता बघा, की वात बोटांत असताना खोटं बोलायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, वातीला पीळ बसतो तेव्हा जे तोंडातून निघतं ते त्या पिळात जातं, आणि मग ते जळतं देवापुढं. आता देवापुढं आपलं खोटं जळायला नको ना! पण तुम्हाला सांगते, नेम धरणं सोपं असतं, तो नेम पुढं गिटारीला जाऊन अडकेल हे कुणाच्या कुंडलीत असतं?

तर आमच्या ह्यांचं दुकान पाट्यांचं. गाडीच्या नंबरच्या पाट्या, दारावरच्या नावाच्या पाट्या, डॉक्टरांचे, वकिलांचे बोर्ड. ते अ‍ॅक्रिलिक नाही का, काचेसारखं दिसतं पण पडलं तर फुटत नाही, ते करवतीनं कापायचं, कडा घासायच्या, आणि मागच्या बाजूनं उलटी अक्षरं रंगवायची, म्हणजे पुढून सुलटी दिसतात. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, माणूस शिकलेला नसेल, उलटं लिहितो. मग कळलं. आणि एक रीत त्यांची, पाटी कुणाचीही असो, अगदी वर, मधोमध, बारीक अक्षरांत देवाचं नाव टाकायचं. आपल्याकडचा असेल तर श्री, मुसलमान भाऊ असेल तर सातशे शहाऐंशी, आंबेडकरनगरातले सर असतील तर अशोकचक्र. त्या वरच्या ओळीचे वेगळे पैसे कधी लावायचे नाहीत. म्हणायचे, पाटी खाली माणसाची, वरची ओळ आपली नाही. एवढं एक सोडलं तर देवाधर्माचं त्यांना काही नाही. माझ्या वातींना तर म्हणायचे, "चालू दे तुझी गिरणी."

गिटार होती मुख्तारची. हा मुख्तार धुळ्याचा, देवचंदभाऊंच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत गिटार वाजवायचा. गणपतीत, लग्नात, उरुसात, सगळीकडे ती पार्टी. धुळ्यात एका दातांच्या डॉक्टरांचा बोर्ड आमच्या ह्यांनी केला होता, त्यात आतून उजेड सोडला होता, म्हणजे बल्ब दिसत नाही आणि नुसती अक्षरं पेटतात. तो बघून हा मुख्तार यष्टीत बसून, गिटार चादरीत गुंडाळून थेट दुकानात आला, की भाऊ, असाच उजेड माझ्या गिटारीच्या मानेवर पाहिजे. त्या मानेवर म्हणे पांढरे ठिपके असतात, बोटं कुठं ठेवायची त्याची खूण. ते काढायचे, तिथं अ‍ॅक्रिलिकच्या गोल टिकल्या बसवायच्या, आणि टिकलीच्या पोटात बारका दिवा. टेपरेकॉर्डर चालू केला की ज्वारीच्या दाण्याएवढा लाल दिवा लागतो ना, तो. मी ह्यांना विचारलं, कशाला हो? तर म्हणाले, "शोभेला. पब्लिकला दिसायला." आणि लगेच इस्त्री फिरवायला लागले. एवढं घाईघाईनं सांगितलं की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मला कुठला संशय? मी गरीब, मी वात वळतेय.

शेजारच्या मंजुळाबाई दारातून डोकावल्या. त्यांची भाषा गावाकडची, म्हणाल्या, "पार्वता, हाई काय शे वं?" मी म्हटलं, गिटार आहे. "मंग इस्तरी कसाले?" मी म्हटलं, दिवे लावायचेत आत. मंजुळाबाई उंबऱ्यावरच बसल्या. इस्त्रीकडे बघत हळूच मला म्हणाल्या, "भाऊले उन्ह लागनं का?"

बघा म्हणजे! म्हणजे मी एकटीच नव्हते, दिव्याचं गिटारीत काय काम, हे कुणालाच कळत नव्हतं.

मग एक दिवस संध्याकाळी मुख्तार काम बघायला घरी आला. हे बारीक तार आणायला बाजारात गेलेले. मी म्हटलं, बसा, चहा ठेवते. शिडशिडीत माणूस, छोटी दाढी, बोलणं इतकं मऊ की गाणारा वाटावा. मी चहा केला आणि तेवढ्यात गेली की हो लाइट! त्या दिवसांत जायचीच. पण संध्याकाळ होती, अगदी मिट्ट काळोख नव्हता, देवघरात समई होती, मला सगळं दिसत होतं. मी कपबशी पुढं केली. आणि मुख्तारनं हात पुढं केला तो… कपाच्या बाजूला. चांगला वीतभर बाजूला. हवेत हात, बोटं अशी कप धरल्यासारखी वाकलेली, आणि कप माझ्या हातात. मी त्याचा हात धरला, बशी त्यात ठेवली. त्यानं एक घोट घेतला, आणि मग म्हणाला,

"भाभी, दिवस मावळला की मला दिसत नाही."

रातांधळेपणा हो! लहानपणी थोडा होता, आता वाढला होता. दिवसा ठणठणीत, पण उजेड कमी झाला की गेलं. आणि ऑर्केस्ट्रात तर मुद्दाम अंधार करतात, म्हणजे रंगीत लाइट फिरवायला. त्या अंधारात त्याला गिटारीवरचे ठिपके दिसेनात, बोट मानेवरच्या एका घरानं इकडंतिकडं पडायचं, आणि गाणारी बाई भलत्याच सुरात. देवचंदभाऊ सगळ्यांसमोर ओरडले होते, की गणपतीतल्या मोठ्या प्रोग्रामला असं झालं तर मी दुसरा माणूस बघेन. आणि ह्याला दुसरं काही येत नाही. घरात आई हसीनाबी, बायको, लेकरं. मी वात वळत ऐकत होते, वळता वळता माझी वात केवढी लांब झाली, निरांजनातून बाहेर आली असती.

मग त्यानं गिटार घेऊन दाखवलं. म्हणाला, भाभी, बघा, गिटार गळ्यात घेतली की तिचं तोंड लोकांकडे. मला काय दिसतं? फक्त वरची कड. मला एकदम कळलं. लेकरू कडेवर घेतलं की लोकांना त्याचं तोंड दिसतं, आईला नुसती टाळू दिसते, तसंच की हे! म्हणजे पुढून कितीही टिकल्या लावा, ह्याला उपयोग नाही. ह्याला दिवे हवेत टाळूवर. मी म्हटलं, मग भाऊंना तसं सांगा ना. तर हात जोडले. म्हणाला, भाऊ दिलदार माणूस आहेत, कळलं तर कामाचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि मला खैरात नको. आणि जळगाव-धुळं लांब नाही, पार्टीतल्या लोकांच्या कानावर गेलं तर झालंच. मी काहीतरी सांगून वरच्या कडेचं बघतो, पण डोळ्यांचं भाऊंना सांगू नका, वचन द्या.

आणि मी दिलं. वात बोटांत असताना दिलं!

आता माझी अवस्था बघा. खरं सांगायचं नाही, कारण वचन. खोटं बोलायचं नाही, कारण वात. आणि वात सोडावी म्हटलं तर लाख कधी पुऱ्या व्हायच्या? हे परत आले, मुख्तार काहीतरी सांगेल म्हणून मी वाट बघतेय, तर तो म्हणतो, "भाऊ, तुम्ही कराल ते बरोबर," आणि चप्पल घालून निघाला, कारण दिवस मावळत होता आणि त्याला स्टँडवर पोचायचं होतं. हे त्याला सायकलवर डबलसीट सोडायला गेले. मी म्हटलं, अगंबाई, आज फारच अगत्य! रिक्षा काय मिळाली नसती? पण विचार पुढं गेला नाही. माझ्या डोक्यात एकच, की ह्यांना सांगायचं कसं.

त्या आठवड्यापासून मी शनिवारचं अळणी धरलं, मिठाशिवाय जेवायचं. मुख्तारच्या डोळ्यांसाठी. हे म्हणाले, "आता हे कशासाठी?" माझ्या हातात वात. मी म्हटलं, डोळ्यांसाठी. म्हणाले, "तुझे डोळे तर चांगले आहेत, परवा तांदळातला खडा तू खिडकीतून ओळखलास." मी म्हटलं, असू द्या. ते माझ्याकडे जरा विचित्र बघत राहिले, आणि मग कामाला लागले. मी म्हटलं, सुटले बाई.

टिकल्या तयार झाल्या. त्यांनी त्या कापून, घासून, पॉलिश करून अशा लखलखीत केल्या की पाण्याचे थेंबच. वाटीत घालून मोरीच्या कट्ट्यावर ठेवल्या, धुवायला. आणि माझी ती समई घासायची वेळ. तुम्हाला सांगते, दिव्याची वस्तू म्हटली की माझा हात थांबत नाही. उद्या लावायचे दिवे आज घासून ठेवायचे, हे आमच्या घरात कुणी सांगावं लागत नाही. मी समई घेतली, निरांजनं घेतली, राख घेतली, काथ्या घेतला, आणि त्याच ओघात त्या टिकल्याही… अगदी मन लावून, दोन्ही बाजूंनी. धुऊन बघते तो समई झळझळीत, आणि टिकल्या आंधळ्या! मोतीबिंदू झाल्यासारख्या, पांढुरक्या, आरपार काही दिसेना. अ‍ॅक्रिलिकला राख चालत नाही हे मला कुठं ठाऊक? पितळेला चालते, तांब्याला चालते, काचेलासुद्धा मऊ हातानं चालते!

हे आले, वाटीत बघितलं. ओरडले नाहीत. ते ओरडत नाहीत, तेच वाईट. खाली बसले आणि वाटीतली एक टिकली उचलून नुसती बघत राहिले. मी म्हटलं, दिव्याची म्हणून घासली हो. म्हणाले, "समजलं मला." मग काय मनात आलं, उगीच एक लाल दिवा सेलला लावून त्या टिकलीखाली धरला. आणि काय सांगू! आधीच्या लखलखीत टिकलीतून कसा, सुई टोचल्यासारखा एक ठिपका डोळ्यात घुसायचा, त्याच्या आजूबाजूला काही दिसायचं नाही. ह्या आंधळ्या टिकलीत उजेड सगळीकडे पसरला, काठापर्यंत भरला, कुंकवाची टिकलीच जशी, मऊ, सौम्य, कितीही वेळ बघा. ह्यांनी दोन्ही धरून बघितल्या, पुन्हा बघितल्या. मग घसा खाकरला आणि म्हणाले, "मी उद्या हेच करणार होतो. पॉलिश पेपरनं." आणि मला पुढच्या बारक्या तुकड्यांची वाटी दिली. "हेही घास. काथ्यानंच."

मी घासले. पण वरच्या कडेचं काय? गिटार बघते तर सगळ्या खुणा पुढच्या बाजूला. टाळू कोरी. दिवस जात चालले, गणपती तोंडावर, आणि हे तारा चिकटवतायत. मी पुढून जाते, मागून जाते, गिटारीच्या वरच्या कडेवरून पदरानं धूळ पुसते, की बघा हो, इथंही जागा आहे. काही नाही. मी म्हटलं, ह्या बाजूला फारच सुनं सुनं दिसतं नाही? म्हणाले, "हं." आता ह्याच्यावर बाईनं काय करावं?

आणि मग देवानंच सुचवलं. मी दुकानात डबा घेऊन गेले होते, समोर एक नवी पाटी वाळत होती, आणि तिच्यावर अगदी वर बारीक श्री. मी तिथल्या तिथं म्हटलं, अहो, प्रत्येक पाटीवर तुम्ही वर देवाची ओळ टाकता, मग ह्या गिटारीवर का नाही? वरच्या कडेला बारक्या टिकल्या लावा देवाच्या नावानं. त्याचा अल्ला म्हणा, आपला श्री म्हणा, ज्याचा जो असेल त्याच्या नावानं. वात हातात होती माझ्या, आणि शब्द न् शब्द खरा होता. मी खरंच देवाच्या नावानंच मागत होते. मनात तर केव्हाच वाहिल्या होत्या त्या टिकल्या.

मला वाटलं हसतील, गिरणी म्हणतील. तर तुम्हाला सांगते, माणूस एकदम ताठ बसला. म्हणाले, "आता तू म्हणतेस तर लावावंच लागेल." इतकं पटकन? वीस वर्षांच्या संसारात माझं ऐकून ह्यांनी पानात मीठसुद्धा कमी वाढून घेतलेलं नाही! आणि खिशात हात घालून भोकं पाडायचं बारीक गिरमिट काढलं. बरोबर त्या बारक्या टिकल्यांच्या मापाचं. खिशात आधीच! मी म्हटलं, देवाची लीला. एवढंच नाही, वरच्या ओळीला तार वेगळी, सेल वेगळा. मी म्हटलं, वेगळा कशाला? तर म्हणाले, "देवाचं मीटर वेगळं असावं." मी त्या दिवशी घरी येऊन देवाला साखर ठेवली.

आता प्रोग्रामचं ऐका. आम्ही दोघं यष्टीनं धुळ्याला गेलो, गिटार माझ्या मांडीवर, खिडकीकडच्या बाई सारख्या विचारतायत, "काय आहे हो?" मी म्हटलं, दिवे आहेत. त्या सरकून बसल्या. धुळ्यात चौकात मांडव, गणपती केवढा मोठा, पुढं स्टेज. आम्हाला स्टेजच्या कडेला, पायऱ्यांजवळ खुर्च्या दिल्या होत्या, कारागीर म्हणून. तिथून मुख्तार बाजूनं दिसत होता. मी पिशवीतला कापूस काढला आणि वात वळायला लागले. देवचंदभाऊ, म्हणजे चांगले धिप्पाड, सफारीतले, विंगेत हाताची घडी घालून उभे. डोळे मुख्तारवर.

दोन-तीन गाणी उजेडात झाली. मग तो माइकवाला ओरडला, की मेहरबान, आता बघा खानदेशात पहिल्यांदा, दिव्यांची गिटार! आणि केला की अंधार. गुडुप. मुख्तारनं खटका दाबला आणि मानेवर एकामागून एक लाल टिकल्या… अहो, काय दिसलं ते! लोकांनी शिट्ट्या घातल्या, मागची पोरं खुर्च्यांवर चढली, आमच्या ह्यांनी कॉलर नीट केली. आणि मुख्तारनं पहिल्याच सुराला गिटार जरा झोकात उचलली, आणि फट्. सगळ्या टिकल्या एकदम गेल्या. तार सुटली कुठंतरी. मांडवभर हशा. मागून एक जण ओरडला, "अरे, फ्यूज टाका रे कुणीतरी!" ह्यांनी डोक्याला हात लावला. मी डोळे मिटले. म्हटलं, गेलं. माणसाचं पोट गेलं.

पण गिटार थांबली नव्हती. मी डोळे उघडले. अंधारात काही दिसत नव्हतं, फक्त मुख्तारच्या हनुवटीवर खालून थोडा लालसर उजेड पडला होता, दाढीचे केस दिसत होते, आणि खाली झुकलेले डोळे. वरची ओळ जळत होती! देवाची ओळ, वेगळ्या मीटरची. ती मांडवातल्या एकालाही दिसत नव्हती, त्याला दिसत होती. आणि बोटं अशी पडत होती, बरोबर घरात, बरोबर घरात, आणि गाणारी बाई त्या सुरावर मजेत डोलत होती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. हे शेजारी बसून म्हणतायत, "पुढचा एकही दिवा लागला नाही." पण तोंड बघते तर, पडलेलं नाही हो! जरा हसल्यासारखं.

प्रोग्राम संपला. लोक पांगायला लागले. देवचंदभाऊ आमच्याकडे आले. आता हे काय बोलणार म्हणून मी वात घट्ट धरली. तर ते आवाज खाली करून ह्यांना म्हणाले, "गिरधरभाऊ, पुढचे दिवे गेले ते जाऊ द्या. त्याचं काम वरच्यांचंच होतं."

हे दचकले. माझ्याकडे बघून, डोळ्यांनी त्यांना गप्प करत म्हणाले, "हळू बोला, हिला माहीत नाही."

मी म्हटलं, "मला काय माहीत नाही?"

"काही नाही."

"डोळ्यांचं?"

मागं पोरं खुर्च्या गोळा करतायत, आणि आम्ही तिघं पुतळे. मग निघालं हो एकेक बाहेर! मुख्तारनं पहिल्याच दिवशी दुकानात ह्यांना सगळं सांगितलं होतं. वरच्या कडेसकट. आणि वचन घेतलं होतं, की भाभींना कळू देऊ नका, त्या माझ्यासाठी उपास धरतील. आणि कपापाशी माझ्यासमोर उघडा पडला तेव्हा मलाही उलटं वचन घातलं, म्हणजे आम्ही दोघं बोलून पैसे परत करायला नकोत. म्हणून ह्यांचं ते शोभेला, पब्लिकला! म्हणून ती सायकल! गिरमिट खिशात घेऊन हा माणूस आठवडाभर फिरत होता, की बायकोला कारण न सांगता वरच्या कडेला भोकं पाडायची कशी. अळणी धरलं तेव्हाच ओळखलं होतं म्हणे थोडंसं, पण वचन होतं ना, विचारायचं कसं! मी म्हटलं, आणि पैसे? म्हणाले, "घेतले. घ्यावेच लागले. नाहीतर त्याला वाटलं असतं दया केली. तुला काय सांगू, घेताना हात भाजत होता."

आणि देवचंदभाऊ? त्यांना हसीनाबींनी, म्हणजे मुख्तारच्या आईनं सांगितलं होतं. पोराला कळू देऊ नका, ही शपथ घालून. म्हणून ह्या माणसानं उघड ओरडून घेतलं आणि वर त्याला सहज म्हटल्यासारखं म्हटलं, तो दातांच्या डॉक्टरांचा बोर्ड बघ, तसं लायटिंग गिटारीला कर, पार्टीला शोभा येईल. मी म्हटलं, मग दुसरा माणूस बघेन म्हणालात ते खोटं? ते म्हणाले, "नाही वहिनी, ते खरं होतं. पार्टीवर बाकी सहा घरं चालतात. आज चुकला असता तर बघावाच लागला असता. म्हणून तर विंगेतून हललो नाही."

एवढ्यात मुख्तार आला. चादरीत गुंडाळलेली गिटार, एक हात पार्टीतल्या ढोलकवाल्याच्या खांद्यावर. आम्ही तिघं एकदम दुसरीकडे बघायला लागलो. हे म्हणतात, "मंडप छान आहे." देवचंदभाऊ म्हणतात, "गर्दीही चांगली होती." मी तर गणपतीलाच नमस्कार केला. कारण आता आम्हा तिघांना एकमेकांचं ठाऊक आहे हे त्याला कळायला नको ना! आमची तिघांची वचनं एका झटक्यात मोडली असती. मुख्तारनं ह्यांचा हात हातात घेतला, कानाशी वाकून काहीतरी म्हणाला. ह्यांनी मान हलवली. मग चाचपत माझ्याकडे आला, वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाला, "भाभी, तुमच्यामुळे झालं. भाऊंना काही कळलं नाही." माझ्या हातात वात! काय बोलू? मी वात खाली टाकली, धुळीत, आणि म्हटलं, "नाही हो. काही कळलं नाही."

एक वात गेली. जाऊ दे, परत वळली घरी येऊन.

त्याचे अजून प्रोग्राम चालू आहेत. पुढच्या टिकल्यांची तार ह्यांनी नीट करून दिली, लोक शिट्ट्या घालतात. आणि वर्षा-दोन वर्षांनी तो जळगावला आला की आमच्या घरी चहाला येतो, आणि मग बघण्यासारखं असतं, तुम्हाला सांगते. हे आत गेले की तो माझ्याशी कुजबुजतो, मी चहा ओतायला गेले की ह्यांच्याशी कुजबुजतो, आणि आम्ही दोघं त्याच्यासमोर एकमेकांना अशा थापा मारतो की मंजुळाबाईंना वाटतं आमचं बिनसलंय. त्याच्या येण्याच्या दिवशी मी कापूस हातातच घेत नाही. म्हणून तर लाख वाती अजून पुऱ्या झाल्या नाहीत.

आणि लोक अजून विचारतात हो, दिव्याचं गिटारीत काय काम? काय सांगायचं! रातांधळा तो एकटा. तो बसतो छान दिव्यापाशी, आणि चाचपडतोय आम्ही सगळे.